कात्राबाईच्या अल्याड-पल्याड तीन रात्री

सह्याद्रीतल्या रेंज ट्रेकची, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंत सलग चालत जाण्याची, आखणी बहुतेक जण वाटेपासून सुरू करतात. नकाशा उघडायचा, रतनगडावर बोट ठेवायचं, तिथून कात्राबाईच्या खिंडीवरून ते हरिश्चंद्रगडापर्यंत ओढत न्यायचं, की झाला ट्रेक. मला वाटतं, आखणी उलट्या बाजूने व्हायला हवी. रात्री डोकं कुठे टेकायचं आणि तिथे पाणी किती, हे आधी ठरवावं. ते ठरलं की वाट आपोआप ठरते, निघायची वेळ ठरते, पाठीवरचं वजनसुद्धा ठरतं. चुकलेल्या रेंज ट्रेकचा हिशेब मांडला तर चूक बहुतेक वेळा पायांची नसते. मुक्काम गाठायला उशीर झालेला असतो, किंवा मुक्कामावर पाणी नसतं.

रतनवाडी ते खिरेश्वर हा चार दिवसांचा, तीन रात्रींचा पल्ला त्या दृष्टीने फार चांगला गुरू आहे. इथे तीन रात्रींना तीन तऱ्हेची छपरं मिळतात. पहिली रात्र रतनगडाच्या गुहेत, दुसरी कुमशेतमधल्या एखाद्या घराच्या पडवीत, तिसरी हरिश्चंद्रगडाच्या लेण्यात. युरोपातल्या आल्प्समध्ये डोंगरातल्या झोपड्यांना राखणदार असतो, तो गाद्या-पांघरुणं देतो, सूप देतो, नोंदवहीत नाव लिहून घेतो. आपल्याकडे गुहेला कुणीच राखणदार नाही. म्हणजे त्या रात्रीपुरते राखणदार आपणच.

हंगाम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी मध्य. पावसाळ्यात रतनवाडीच्या रानातले ओढे अंगावर येतात आणि शिड्यांवरचं शेवाळ जीवघेणं असतं, तेव्हा हा सलग पल्ला करू नये. मार्चनंतर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटतात, गवत वाळून जातं आणि दुपारी कातळ तव्यासारखा तापतो. नोव्हेंबर सगळ्यांत उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, गवत अजून उभं असतं, आणि रात्री थंडी सोसण्याइतकीच असते. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे पारा दहाच्या खाली सहज जातो.

मुंबईहून येणाऱ्यांना कसारा किंवा इगतपुरी, मग घोटी, घोटीहून शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदरा, 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण इथलंच. धरणाच्या जलाशयाला वळसा घालून गाडीरस्ता रतनवाडीत पोचतो. पुण्याकडच्यांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यावं. रतनवाडीत शिरताच अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे. तिथे अर्धा तास द्यावा, पण अर्धाच, कारण अकराच्या आत गडाकडे पावलं वळायला हवीत. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क भरताना वन विभागाच्या माणसाला एक गोष्ट नक्की विचारावी: सध्या गडावर मुक्कामाला परवानगी आहे का? हे नियम बदलत राहतात. नसेल तर वाद घालू नये. रतनवाडीतच पथारी पसरावी, पहाटे गड करून यावा आणि मग पुढे निघावं. दुसरा दिवस लांबतो, पण तो जमतो.

गडाची वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते. प्रवरा इथे अगदी तान्ही आहे, रतनगडाच्याच कुशीत जन्मलेली, आणि वाट तिला इकडून तिकडे तीन-चारदा ओलांडते. रान इतकं दाट की भर दुपारी हिरवा अंधार. पहिली चूक नेमकी इथेच होते. चढाच्या मध्यावर वाट फुटते. उजवी गडावर जाते, दुसरी कात्राबाईकडे. बोलत बोलत चाललेला गट नाक पुढे ठेवून थेट कात्राबाईच्या वाटेला लागतो आणि तासाभराने कळतं की गड मागे राहिला. हा फाटा सगळ्यांनी थांबून, मागे वळून, नीट डोळ्यांत भरून घ्यावा. दुसऱ्या दिवशी उतरताना हाच फाटा पुन्हा शोधायचा असतो, आणि उलट दिशेने पाहिलेलं रान वेगळंच दिसतं.

फाट्यानंतर चढ उभा होतो आणि शेवटी लोखंडी शिड्या येतात. शिडीवर एका वेळी एकच माणूस. पाठीवरच्या सॅकला आडवी बांधलेली मॅट कातळाला अडकते आणि माणसाला मागे लोटते, म्हणून मॅट उभी बांधावी किंवा आत घालावी. चढताना असो वा उतरताना, तोंड शिडीकडेच. उतरताना पाठ शिडीकडे करून पायऱ्या उतरल्यासारखं उतरायचा मोह होतो, तो आवरावा. सॅक वजनदार असेल तर वीस मीटरच्या दोराने आधी सॅक खाली सोडावी आणि मग माणूस. यात दहा मिनिटं जातात, तेवढी जाऊ द्यावीत.

शिड्यांच्या वर दरवाजे आणि मग गुहा. पोचल्या पोचल्या अंग टाकायचं नाही, आधी पाणी. गडावर टाकी पुष्कळ आहेत, पिण्याजोगी थोडी. उजेड असतानाच दोघांनी जाऊन चांगलं टाकं शोधावं आणि दहा लिटरचा घडीचा कॅन भरून आणावा. हिशेब साधा आहे: मुक्कामावर माणशी तीन लिटर, म्हणजे रात्रीचा स्वयंपाक, सकाळचा चहा आणि पिणं मिळून. चालताना आणखी तीन. सहा जणांना मुक्कामावर अठरा लिटर, म्हणजे कॅनच्या दोन खेपा. पाणी चौघडी सुती फडक्यातून गाळून एकदा खळखळून उकळावं, किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावं. नुसतं गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्याने पोट वाचत नाही.

टाक्याविषयी थोडं मनापासून सांगायचं आहे. ओढा वाहता असतो, आपली घाण तो पुढे नेतो. टाकं वाहत नाही. त्यात जे आहे ते गेल्या पावसाळ्याची शिल्लक आहे आणि नवी भर पुढच्या जूनशिवाय पडायची नाही. डिसेंबरात एकाने त्यात साबणाचं भांडं विसळलं की ते पाणी मेपर्यंत तसंच राहणार, आणि मधल्या सहा महिन्यांत तिथे येणारा प्रत्येक तहानलेला माणूस ते पिणार. गुराखी पिणार, वानरं पिणार. कुणी तरी छिन्नीने कातळ फोडून, पाण्याचे झरे आणि उतार पाहून ते खोदलंय. पाणी भांड्याने काढून घ्यावं आणि धुणं-विसळणं टाक्यापासून निदान साठ पावलं लांब, उताराच्या बाजूला करावं. हात-पाय टाक्यात बुडवायचेच नाहीत. या एका बाबतीत मित्रांशी वाईटपणा आला तरी घ्यावा.

गुहेत जागा निवडताना आधी जमीन बघावी, मग छत. जमीन ओलसर किंवा पांढुरक्या डागांची असेल तर वरून पाझर आहे. लेंड्या आणि शेण असेल तर गुरं तिथे बसतात, आणि गुरांमागे गोचीड व पिसवा आल्याच. अगदी तोंडाशी झोपलं तर वारा रात्रभर छळतो आणि अगदी आत झोपलं तर हवा कोंदट होते, म्हणून मधली जागा धरावी. थंडी वरून कमी लागते, खालून जास्त. कातळ अंगातली ऊब रात्रभर शोषून घेतो. म्हणून महागड्या स्लीपिंग बॅगेपेक्षा दहा मिलिमीटर जाडीची साधी फोमची मॅट जास्त कामाची. मॅट पातळ असेल तर रिकामी सॅक आणि दोर तिच्याखाली, कमरेपाशी पसरावा. अंगातले घामट कपडे झोपण्याआधी बदलणं हाही अर्ध्या पांघरुणाइतका उपाय आहे.

वानरांना पिशवीची चेन उघडता येते. उंदरांना चेन उघडायची गरजच पडत नाही. सगळं खाणं एका पिशवीत एकत्र करून छताच्या खुंटीला किंवा दगडाच्या कपारीला दोराने टांगावं, जमिनीपासून निदान छातीएवढ्या उंचीवर. सॅकच्या कप्प्यात विसरलेली एक चिक्की पुरते, उंदीर सॅकच कुरतडतो. बूट तोंड खाली करून ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत.

आता चूल. गुहेत लाकडं पेटवू नयेत. अभयारण्यात सरपण गोळा करायला मनाई आहे, धुराने लेण्यांची भिंत काळी होते, आणि तिसरं कारण सगळ्यांत गंभीर: आग्या मोहोळ. या कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. धूर वर गेला की त्या उठतात, आणि उठल्या की शेकड्यांनी अंगावर येतात. तशी वेळ आलीच तर हातवारे न करता तोंड-मान कापडाने झाकून, कड्याच्या धारेपासून सावध राहून, मोहोळापासून जमेल तितकं दूर जायचं. काटे नखाने चिमटून न काढता कडेने खरवडून काढायचे. अत्तर, सुवासिक तेल, डिओ या ट्रेकला आणूच नयेत.

तेव्हा गॅसची छोटी शेगडी. सहा जणांची रात्रीची खिचडी आणि दोन वेळचा चहा यांना 230 ग्रॅमचा एक डबा जेमतेम पुरतो. दोन गुहांच्या रात्रींना दोन डबे आणि वर एक राखीव. खिचडीसाठी माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम मूगडाळ, म्हणजे सहा जणांना सहाशे आणि तीनशे. पाणी तीन लिटरच्या आसपास. डाळ मुगाचीच घ्यावी. तूरडाळ आणली की फसगत ठरलेली, कारण तेराशे-चौदाशे मीटरवर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीचा दाणा तासभर टणक राहतो आणि गॅस संपतो. पोचल्याबरोबर डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत टाकावेत आणि तोवर पाण्याची दुसरी खेप करावी. पातेल्याला झाकण हवंच, आणि शेगडीभोवती दगडांचा आडोसा. वाऱ्यात उघडी शेगडी निम्मा गॅस हवेत उडवते. फोडणीचं तेल, मोहरी, हिंग, तिखट घरूनच एका छोट्या डबीत कालवून आणलं तर अंधारात पुड्या शोधाव्या लागत नाहीत.

सकाळी सॅक गुहेत ठेवून नेढ्यापर्यंत जाऊन यावं. माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेलं हे भोक, त्यातून वारा असा सुटतो की टोपी हातात धरावी लागते. समोर अलंग, मदन, कुलंग हे तीन गड, पलीकडे कळसूबाई. उगवतीची कोवळी उन्हं त्या तिघांच्या कातळावर उतरताना पाहायची असतील तर साडेसहालाच तिथे असायला हवं. पण आठ वाजता मात्र शिड्यांपाशी. दुसरा दिवस सगळ्यांत लांब आहे.

फाट्यापर्यंत उतरायचं, तिथून कात्राबाईची वाट. रानातून चढत चढत खिंडीत पोचायला अडीच-तीन तास. खिंडीत शेंदूर लावलेल्या देवीचं छोटं ठाणं आहे. तिथे पाणी मिळेल असं गृहीत धरू नये, खालचा ओढा ओलांडतानाच बाटल्या भरून घ्याव्यात. खिंडीत उभं राहिलं की मागे भंडारदऱ्याचं पाणी दिसतं आणि पुढे एकदम वेगळा मुलूख उघडतो: आजोबाचा पर्वत आणि दूर हरिश्चंद्रगडाचा पसारा. तीन दिवसांचा पल्ला एका नजरेत मावतो, अशी जागा या वाटेवर दुसरी नाही. इथे बसून जेवावं.

खिंडीपासून खाली कुमशेतकडे उतरताना दुसरी मोठी चूक होते. ढोरवाटा. गुरं चरत जातात तशा वाटा चारी दिशांना फुटतात आणि माणसांच्या वाटेइतक्याच ठसठशीत दिसतात. फरक ओळखायची एक जुनी खूण आहे. माणसांच्या वाटेवर कारवी आणि फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळ्या असतात, कारण सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन बायका तिथून जातात. ढोरवाटेवर कमरेपर्यंत मोकळं आणि त्याच्या वर फांद्या तोंडावर येतात. शिवाय खऱ्या वाटेवरचा दगड पायांनी घासून गुळगुळीत, मळकट झालेला असतो. ढोरवाट थोड्या वेळाने गवतात विरते. दगडावर दगड रचलेल्या लगोऱ्या दिसल्या तर वाट बरोबर. वीस मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर पुढे रेटू नये, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावं. उतार सापडतोय म्हणून ओढ्याच्या पात्रातून खाली जाण्याचा मोह तर मुळीच नको. सह्याद्रीतला ओढा बहुतेक वेळा कड्यावर जाऊन थांबतो.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याच्या पाऊण तास आधीच अंधारतं. म्हणून दीडच्या आत खिंड सोडलेली असावी.

कुमशेत. रेंज ट्रेकवाल्यांचं आवडतं गाव, महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचं. इथली रात्र पैशांनी मिळते, पण पैशांपुरती नसते. आधी निरोप गेलेला असेल तर उत्तम. फोनला रेंज भरवशाची नाही, म्हणून रतनवाडीतून कुणाकरवी किंवा आदल्या आठवड्यात कळवावं. न कळवता गेलं तर निदान चारच्या आत पोचून “मावशी, सहा माणसांचं जेवण जमेल का?” असं आधी विचारावं आणि मग सॅक उतरवावी. रात्री आठ वाजता दारात उभं राहून जेवण मागणं म्हणजे दिवसभर भाताच्या खाचरात राबलेल्या बाईला पुन्हा चुलीपुढे बसवणं. ती नाही म्हणणार नाही, म्हणूनच तशी वेळ आणू नये. ताटात तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं किंवा कालवण, भात आणि ठेचा. सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. पोरांना चॉकलेटं वाटू नयेत, त्यातून मागण्याची सवय लागते. शाळेला वह्या द्यायच्या असतील तर त्या गुरुजींकडे द्याव्यात.

पडवीत झोपताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की हे घर पहाटे पाचला उठतं. आपण दहापर्यंत गप्पा मारल्या तर भिंतीपलीकडे कुणाची तरी झोप मोडते. गावात आजारी माणूस विचारायला आला तर आपल्या औषधांच्या पिशवीतलं मलम-पट्टी जरूर द्यावी, पण गोळ्या देऊ नयेत.

तिसरा दिवस सोपा. कुमशेतहून मुळेचं पात्र ओलांडून पेठेच्या वाडीवरून पाचनई, तीन-चार तासांची चाल, बरीचशी उन्हातली. बऱ्याच ठिकाणी आता गाडीरस्ता आहे आणि काही गट हा टप्पा जीपने उरकतात. त्यात कमीपणा काही नाही, गुडघे बोलत असतील तर तेच करावं. पाचनईहून हरिश्चंद्रगड दोन-अडीच तास. कड्याच्या पोटातून आडवी जाणारी ही वाट गडावर यायची सगळ्यांत सोपी, वर कातळाचं छत आणि शेजारी ओढा.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, शेजारी सप्ततीर्थ पुष्करणी, आणि खाली केदारेश्वराची गुहा. तिच्यात कमरेइतक्या थंड पाण्यात शिवलिंग आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. ते पाणी पिण्याचं नव्हे. चांगदेवांच्या तपाची आठवण सांगणारे शिलालेख या परिसरात आहेत, तेव्हा ज्या लेण्यात आपण मॅट पसरतो ते कुणी तरी ध्यानाला बसण्यासाठी राखलेलं असणार, हे डोक्यात असू द्यावं. शनिवार-रविवारी इथे जत्रा असते. तंबू, दिवे, मोठ्याने लावलेली गाणी. हा पल्ला बुधवारी सुरू करून शनिवारी उतरला तर लेण्यातली रात्र शुक्रवारची येते आणि गर्दीच्या आधीचा गड मिळतो. शक्य असेल तर एक दिवस आणखी आधी निघावं. त्या रिकाम्या गडासाठी एक रजा खर्ची पडली तर पडू द्यावी.

संध्याकाळी कोकणकडा. आत वळलेला, वाटीसारखा खोल गेलेला कडा. धारेवर उभं राहू नये, पोटावर झोपून डोकं पुढे काढावं, पाय मागच्याने धरावेत. खालून येणारा वारा टोपी वर फेकतो. सकाळी समोर ढग आणि पाठीशी कोवळं ऊन असं जुळून आलं तर ढगावर आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 साली इथे ते पाहिल्याची नोंद आहे. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते मागून मिळत नाही, पावसाळा सरता सरता शक्यता जास्त. अंधार पडायच्या आत परत फिरावं, कारण कड्यापासून मंदिरापर्यंतची वाट झाडीतून जाते आणि रात्री सगळ्या वाटा सारख्याच दिसतात.

शेवटच्या सकाळी दोन कामं. पहिलं, लेणं झाडणं. निरगुडीचा किंवा गवताचा तात्पुरता झाडू करून आतून बाहेर. आपला आणि आपल्या आधीच्यांचा कचरा एका जाड पिशवीत. उरलेलं मीठ, मेणबत्ती गुहेच्या कपारीत “पुढच्यांसाठी” ठेवायची जुनी रीत आहे. ती रीत मायेची असली तरी आता उंदीर आणि वानरंच तिचा लाभ घेतात, तेव्हा सगळं परत न्यावं. शौचाला गेलेल्यांनी पाण्यापासून लांब, वीतभर खड्डा करून तो बुजवलेला असावा, आणि ओल्या कागदाच्या पुसण्या मात्र पुरायच्या नाहीत, त्याही पिशवीत.

दुसरं काम, वेळेवर निघणं. तोलार खिंडीकडे उतरताना कातळटप्प्यावर रेलिंग आहे, पण सुकलेल्या मुरमावर पाय सरकतो. पाऊल आडवं, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचेवर न टाकता पूर्ण तळव्यावर. खिरेश्वर साडेतीन-चार तासांत येतं. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून खुबी फाटा पाच-सहा किलोमीटर, आणि फाट्यावर माळशेजमार्गे कल्याणला जाणारी एसटी. खिरेश्वरात कचरा उचलायला कुणी येत नाही. ती पिशवी एसटीतून घरापर्यंत न्यायची.